मंडलदाचा देश

मुलचेऱ्याच्या चौकात श्यामरावभाऊंचा फ्लेक्स लागला की माझं टाळकं सरकतं. हात जोडलेले, दात काढलेले, खाली ठळक अक्षरात 'आपला माणूस'. दिवाळी असो, ईद असो, भाऊंचा स्वतःचा वाढदिवस असो, भाऊ खांबावर हजर. तो खांब नेमका माझ्या दुकानासमोर आहे. सकाळी शटर वर केलं की पहिलं दर्शन त्यांचंच. बायको म्हणते, "सुबे-सुबे काहेको दिमाग खराब करते जी? उधर देखोच मत." न बघून कसं चालेल? या आपल्या माणसानं माझ्या माणसाला परका ठरवलं, आणि तो मेल्यावर झेंडूचा हार घेऊन सगळ्यांच्या आधी हजर झाला. असला संताप गिळायचा कसा, ते मला अजून जमलेलं नाही.

माझा माणूस म्हणजे सुधन्य मंडल. मी त्याला मंडलदा म्हणायचो. पूर्व पाकिस्तानातून जीव घेऊन पळालेली जी बंगाली कुटुंबं सरकारनं आमच्या गडचिरोलीच्या जंगलात आणून वसवली, त्यातला तो. मुलचेऱ्याभोवती त्यांची गावं आहेत. त्यांनी झाडी तोडली, धानाच्या बांध्या काढल्या, तलावात मासोळी वाढवली, कौलारू घरं बांधली, त्यांची नातवंडं आमच्याच बोलीत शिव्या द्यायला लागली, तरी लोक त्या गावांना 'कॅम्प' म्हणतात. "कुठी राह्यते?" "कॅम्पात." जसं काही ही मंडळी उद्या तंबू उचलून चालती होणार आहेत.

माझं रेडिओ-घड्याळं दुरुस्तीचं दुकान. सोबत लग्न-सभेला लाऊडस्पीकर भाड्यानं देतो. एक्क्याण्णव सालची थंडी सरत आली होती तेव्हा मंडलदा पहिल्यांदा आला. सायकलच्या मागे मासोळीचा पत्र्याचा डबा, गुडघ्यापर्यंत लुंगी, खांद्यावर गमछा. त्या गमछ्यातून त्यानं रेडिओ काढून टेबलावर ठेवला. राम राम नाही की काही नाही.

"ढाका लागत नाई," तो म्हणाला.

मी सुई फिरवली. नागपूर स्वच्छ लागलं. पुढे कुठलं तरी तेलुगू गाणं लागलं. मी म्हटलं, "लागून तर राह्यला न चांगला."

"हे नको! ढाका पाहिजे. बाकी काई नाई लागला तरी चालेल. आमचा निवडणूक आहे!"

मला वाटलं ग्रामपंचायतीचं बोलतोय. "कुठी आहे निवडणूक?"

"आमचा देशात!"

घ्या. मी रेडिओ उघडला. तो स्टुलावर बसला, बिडी पेटवली आणि बघत राहिला. थोड्या वेळानं अगदी सहज, जेवलास का विचारावं तशा आवाजात त्यानं विचारलं, "तुमचा देश कुठे?"

माझ्या हातातला तापलेला सोल्डर तिथंच थांबला. वाचणाऱ्यांपैकी ज्यांना हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही त्यांना कळणार नाही, पण मुसलमानाला देश विचारला की त्याच्या कानशिलाला चटका बसतो. शाळेत विचारतात, क्रिकेटची मॅच असली की विचारतात, हसत हसत विचारतात. मी ओरडलोच. "भारत! अजून कोनता? तुमाले काय वाटला, पाकिस्तान?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि असा हसला की बिडीचा धूर भलतीकडे जाऊन त्याला ठसका लागला. "अरे ते नाई, ते नाई! देश, देश! बाबा कुठला? घर कुठला?"

"चामोर्शी."

"हां! तर चामोर्शी बोला ना. भारत भारत काऊन ओरडून राह्यला?"

असा तो शब्द मला कळला. त्यांच्या भाषेत 'देश' म्हणजे आपलं मूळ गाव, आपला मुलूख, जिथं बापाचं घर आहे ती जागा. कॅम्पात दोन अनोळखी म्हातारे भेटले की पहिला प्रश्न तोच, आपनार देश कोथाय? कोणी म्हणतो फरीदपूर, कोणी म्हणतो खुलना. मंडलदाचा देश बरिशाल. त्या दिवसापासून तो दुकानात शिरताना मुद्दाम विचारायचा, "रोशीद, चामोर्शी देशात पाऊस झाला का?" माझं नाव रशीद, पण त्याच्या तोंडात मी कायम रोशीदच राहिलो.

मी कुंपणाच्या बांबूवरून तार ओढून त्याला ढाका लावून दिलं, आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. बाजारात मासोळी विकून झाली की तो संध्याकाळच्या बातम्यांना माझ्या बाकावर येऊन बसायला लागला. घरी तार लावायची सोय होती. पण "घरात तुझी बौदी बोलू देत नाई," म्हणायचा. बौदी म्हणजे वहिनी, त्याची बायको. बौदीचं म्हणणं एकदा मी ऐकलं होतं, "त्या डब्याशीच लग्न करायचा होता, मला कशाला आणला!"

बौदीची काही चूक नव्हती. मंडलदा बातम्या ऐकत नसे, बातम्यांशी भांडत असे. बातम्या देणारी बाई तिकडे ढाक्यात बसून शांतपणे वाचायची आणि हा इकडे मुलचेऱ्यात बाकावर मांडी ठोकून उत्तर द्यायचा. "खोटा! एकदम खोटा!" "हां, आता बोलली खरा!" "थांब, थांब, पूर बोलली तर आकडा बोल!" शेजारचा चहावाला म्हणायचा, "दादा, तिले ऐकू नाई येत." मंडलदा त्याच्याकडे असा बघायचा की तो बिचारा किटलीत तोंड घालायचा.

सुई फिरवायला तो उजव्या हाताची तर्जनी वापरायचा, आणि ती तर्जनी वाकडी होती. मधल्या पेरातून बाहेर वळलेली. सरळ व्हायचीच नाही. शाळेत असताना, जेव्हा तिकडे उर्दू लादायला निघाले आणि बंगालीसाठी पोरं रस्त्यावर आली, तेव्हा बरिशालच्या मिरवणुकीत हाही होता. पोलिसाची लाठी अडवायला हात पुढे केला आणि बोट गेलं. हे तो अभिमानानं सांगायचा. मग पुढचं तेवढं भरभर सांगायचा: दंगा झाला, शेजारचं घर जळलं, नदी ओलांडली, मग रायपूरजवळचा माना कॅम्प, मग ट्रक, मग हे जंगल. त्या भागाला त्याच्याकडे दोन-तीन वाक्यांच्या वर जागा नव्हती. मिरवणुकीवर मात्र तो संध्याकाळ घालवू शकत असे.

आणि इथलं? इथल्या राजकारणातलं त्याला ओ की ठो माहीत नव्हतं. आमदार कोण, सभापती कोण, विचारू नका. निवडणूक आली की श्यामरावभाऊ जीपमधून कॅम्पात जायचे. मी माईक लावायला सोबत असायचोच. "माझ्या बंगाली बांधवांनो!" अशी सुरुवात व्हायची. बांधव खाली सतरंजीवर, त्यात मंडलदा रेडिओ कानाला लावून. कॅम्पातली जुनी मंडळी सांगतील त्या चिन्हावर शिक्का मारायचा, संपलं. मी एकदा चिडून म्हटलं, "दादा, तिथला मंत्री बदलला तर तुमाले झोप नाई येत, अन् इथं तुमच्या गावाचा रस्ता तीनदा कागदावर झाला ते दिसत नाई?" तो म्हणाला, "पोट इथी आहे, रोशीद. कान तिथी आहे." आणि सुई फिरवायला लागला.

अशा माणसाचा कोणाला राग येतो? कोणालाच नाही. श्यामरावभाऊ तर त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे.

ब्याण्णवचा डिसेंबर. अयोध्येत मशीद पडली आणि दोन-तीन दिवसांत रेडिओ सांगायला लागला की तिकडे ढाक्याच्या बाजूला देवळं फोडतायत. मी शटर अर्धं खाली घेऊन आत बसलो होतो. खरं सांगतो, भीती वाटत होती. चौकात माणसं घोळक्यानं उभी होती. भर दुपारी मंडलदा आला. त्या दिवशी रेडिओ नव्हता, डबाही नव्हता. तो माझ्या पायरीवर बसला, शटरकडे पाठ करून.

श्यामरावभाऊ घोळक्यातून पुढे आले. त्यांना गंमत सुचली असावी. "काय मंडलबाबू," ते म्हणाले, "तुमीच सांगा या पोट्टेलोकाले. यायनंच हाकललं न तुमाले तिकून?" 'यायनं' म्हणताना त्यांनी हनुवटीनं माझ्या शटरकडे दाखवलं.

आतून मला मंडलदाची फक्त पाठ दिसत होती. पण आवाज स्पष्ट ऐकू आला, बातम्यांशी भांडायचा तोच आवाज. "मला हाकलला तो माणूस बरिशालचा होता. त्याचा नाव मला माहीत आहे. तो मुलचेऱ्यात घड्याळ दुरुस्त करत नव्हता!"

भाऊ हसले, म्हणाले, "मजाक केला बाप्पा," आणि निघून गेले. मंडलदा संध्याकाळपर्यंत बसून होता. मध्येच त्यानं शटरवर टकटक केलं आणि म्हणाला, "रोशीद, चहा तरी दे. मी काय फुकटचा चौकीदार आहे?" मी आतून स्टोव्ह पेटवला.

नंतरच्या वर्षांत ढाका मंद होत गेलं. रेडिओ जुना झाला होता हे खरं. मी बँडचं बटण बदललं, स्पीकर बदलला, तरी आवाज यायचा आणि जायचा. पण मुद्दा तो नव्हता. बातमीतली नावंच त्याच्या ओळखीची राहिली नव्हती. पूर्वी नाव आलं की तो त्या माणसाची कुंडली मांडायचा, कुठल्या गावचा, बाप काय करायचा, कोणाशी पटत नाही. आता नाव यायचं आणि तो गप्प. एकदा मलाच विचारलं, "हा कोन?" मी कपाळावर हात मारला. "मले काय माहीत दादा, मी चामोर्शीचा!" तो हसला नाही.

मग दोन हजार एकची तिथली निवडणूक झाली. निकालानंतर हिंदू वस्त्यांवर हल्ले झाल्याच्या बातम्या यायला लागल्या. मंडलदाचा धाकटा भाऊ अजून बरिशालला होता. तो सगळं जळताना पाहूनही राहिला होता, कारण आईबापांना घर सोडवत नव्हतं. माझ्या शेजारच्या एस.टी.डी. बूथवरून मंडलदा त्याला फोन लावत बसायचा. लागत नव्हता. लागला तेव्हा तो इतक्या जोरानं बोलत होता की बूथची काच हलत होती. मला बंगाली थोडं थोडं समजायचं. हा त्याला हुकूम सोडत होता: अमक्याकडे जा, माझं नाव सांग, तो माझ्यासोबत मिरवणुकीत होता, तक्रार कर, पुढच्या वेळी मत अमक्याला द्या. मग एकदम थांबला. ऐकत राहिला. रिसीव्हर ठेवून बाहेर आला आणि माझ्या बाकावर बसला. चेहरा लाल.

"काय म्हनला भाऊ?"

"तो माणूस कधीच मेला, बोलला. ज्याच्याकडे जा सांगतो, तो मेला. दादा, तुमाला काई माहीत नाई, बोलला." मंडलदानं वाकडं बोट माझ्यापुढे नाचवलं. "आणि बोलला, आमचा देशाचा आमी बघतो. तुमी तुमचा देशाचा बघा. 'तोमागो देश' बोलला, रोशीद! मला! एक आईच्या पोटचा भाऊ! एक घरात जन्मला! देश वेगळा कसा झाला?"

तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला, तोमागो देश, तोमागो देश. मग उठला, रेडिओ टेबलावर आपटला. "नागपूर लाव," म्हणाला.

मी म्हटलं, "काय?"

"नागपूर लाव! ऐकू नाई येत?"

मी नागपूर लावलं. सोयाबीनचे भाव चालू होते. तो रागानं तेच ऐकत बसला.

तुम्हाला वाटेल, चला, म्हातारा निवळला. अहो, कसला निवळतो! इतकी वर्षं जो राग ढाक्याला जायचा तो आता मुलचेऱ्यात उतरला. मंडलदानं आमदाराचं नाव विचारून घेतलं. सभापती कोण, तलावाचा ठेका कोणाला, रस्त्याचं काम कोणाचं, पोरांना जातीचा दाखला का मिळत नाही, सगळं विचारायला लागला. कॅम्पामागचा तलाव बंगाल्यांनी गाळ काढून, बीज सोडून उभा केला होता. त्याचा ठेका श्यामरावभाऊंच्या मेहुण्याला गेला, आणि स्वतःच्या तलावात जाळं टाकायला कॅम्पातल्या लोकांना त्याची परवानगी काढावी लागायला लागली. ही गोष्ट जुनीच होती. मंडलदाच्या कानावर ती आता पडली.

ग्रामसभेला माईक माझाच होता. भाऊ उभे राहून सांगत होते, तलावाचा ठराव गावाच्या सहमतीनं झाला आहे. सतरंजीवरून आवाज आला, "खोटा! एकदम खोटा!"

मला हसू आवरेना. तोच सूर, तेच वाक्य. फरक एवढाच, की ढाक्याच्या बाईला ऐकू जात नव्हतं आणि श्यामरावभाऊंना गेलं. मंडलदा उठला. त्याचं मराठी म्हणजे तुम्हाला दिसतंच आहे. तरी त्यानं विचारलं, सहमती कोणाची? सभा कधी झाली? आमी कुठे होतो? कॅम्पातली बाकी माणसं आधी घाबरून बघत राहिली, मग एकेक उठायला लागली. पुढच्या निवडणुकीत भाऊंच्या माणसाला कॅम्पातून मतं पडली नाहीत. तो आपटला.

आणि मग, बघा, एकाएकी श्यामरावभाऊंना आठवलं की ही माणसं बांगलादेशी आहेत. कान तिकडे होते तेव्हा हे बंगाली बांधव. कान इकडे आणले, तोंड उघडलं, तर बांगलादेशी! तक्रार गेली. चौकशीला वरून कोणी साहेब आले. कॅम्पाच्या शाळेत टेबल मांडलं, साहेबांना दोन शब्द बोलायचे होते म्हणून माईकसाठी मला बोलावलं. श्यामरावभाऊ खुर्ची टाकून बाजूला बसलेच होते.

म्हातारी माणसं रांगेत उभी केली. साहेब विचारत होते, कारकून लिहीत होता. नाव काय? वडलांचं नाव? देश कोणता?

देश कोणता!

मी वायर जोडत होतो, माझा हात थांबला. पहिला म्हातारा म्हणाला, "फरीदपूर." त्याचा चेहरा खुलला होता. इतक्या वर्षांत कुठल्या साहेबानं आपला देश आपुलकीनं विचारला? दुसरी एक म्हातारी होती, ती तर बरिशाल सांगून थांबलीच नाही, नदी कशी होती, घाट कुठं होता, सांगायला लागली. साहेब मान डोलावत होते. कारकून लिहीत होता. त्यांच्या मागे मंडलदा. ज्यानं मला हा शब्द शिकवला, 'भारत भारत काऊन ओरडून राह्यला' म्हणून जो मला हसला, तो. साहेबांनी विचारलं, "देश?" आणि तो छाती पुढे काढून म्हणाला, "बरिशाल!"

मी वायर टाकून ओरडलो, "साहेब, लिहू नका! यायच्या भाषेत देश म्हनजे गाव! मूळ गाव विचारलं असं वाटून राह्यलं यायले!"

साहेबांनी वर बघितलं. "तुम्ही कोण?"

"माईकवाला."

"नाव?"

"रशीद शेख."

साहेबांनी श्यामरावभाऊंकडे बघितलं. भाऊ गालात हसत म्हणाले, "जाऊ द्या साहेब. यायचं-यायचं जमते."

त्या एका वाक्यात त्यांनी आम्हा दोघांना नदीपार केलं. घरदार जाळून हाकललेला हिंदू आणि चामोर्शीत सात पिढ्यांच्या कबरी असलेला मुसलमान, दोघंही एका मापात. मी माईक काढला, वायर गुंडाळली, मशीन उचललं आणि म्हटलं, "घ्या, करा भाषण." साहेबांना घसा फोडून बोलावं लागलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

मंडलदाला तोवर उमगलं होतं. तो टेबलाशी परत गेला. "शाब, देश म्हणजे गाव बोलला मी. माझा देश... म्हणजे... मी इथला आहे." कारकून म्हणाला, "बाबा, सांगतलं ते लिहिलं. आता पुढच्या मानसाले येऊ द्या."

पुढच्या निवडणुकीला यादीत कॅम्पातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांची नावं नव्हती. मंडलदाचं नव्हतंच. तो तरी केंद्रावर गेला, टेबलावर वाकडं बोट ठेवलं आणि म्हणाला, शाई लावा. ते म्हणाले, नाव नाई बाबा. हा हलेना. पोलिसानं दंड धरून बाहेर आणला. मग तिथून सरळ माझ्याकडे. बोट माझ्या नाकापुढे धरलं. "बघ. या बोटानं तिकडे लाठी खाल्ला. इकडे थेंबभर शाई नाई!" मी दोन कप चहा सांगितला. त्यानं घेतला नाही.

त्याची सुनावणी लागली गडचिरोलीला. मी म्हटलं, दादा, आता चुकायचं नाही. रोज संध्याकाळी बाकावर आमची उजळणी चालायची. बातम्या बंद, रेडिओ माझ्या फळीवर पडून. मी साहेबासारखा आवाज काढायचो. "देश?"

"बोरि..." तो जीभ चावायचा. "भारत!"

"पुन्हा. देश?"

"भारत!"

असा ओरडायचा की चहावाला दचकायचा. कधी चिडून म्हणायचा, "कितीदा विचारशील? मी काय तोता आहे?" आणि पुन्हा स्वतःच म्हणायचा, "विचार, विचार." सुनावणीच्या तारखेला धान कापणी टाकून बसनं गडचिरोलीला जायचा. साहेब दौऱ्यावर. पुढची तारीख. पुन्हा जायचा. साहेब बदलून गेले. पुढची तारीख. घोटलेलं उत्तर कोणी विचारलंच नाही. तो परत यायचा, बाकावर बसायचा, म्हणायचा, "विचार."

आता ती नावं परत यादीत आली आहेत. कोणी न्याय दिला म्हणून नाही हो! श्यामरावभाऊंना पुन्हा मतं कमी पडायला लागली, तेव्हा तीच माणसं पुन्हा बंगाली बांधव झाली, आणि एका फेरीत सगळी नावं चढली. मंडलदाचंही चढलं. तोवर त्याला जाऊन पावसाळा उलटला होता. यादी वाचताना भाऊंच्या पोरानं त्याचं नाव मोठ्यानं पुकारलं, माझ्याच माईकवर. मी मशीनचा कान पिरगाळून आवाज बंद केला.

पण मला तो दिसतो तो दवाखान्यातला. ताप डोक्यात गेला होता. बौदीनं निरोप पाठवला, मी दुकान तसंच टाकून तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. तो खाटेवर होता, डोळे अर्धे मिटलेले, गमछा उशाशी. बौदी पायाशी बसून तळवे चोळत होती. कोवळी सिस्टर होती, इकडचीच, धानोऱ्याकडची. केसपेपर भरत होती. बोलायला मायाळू होती. तिच्यावर माझा काही राग नाही.

"बाबा, नाव काय तुमचं?"

"शुधन्यो मंडल." डोळे उघडले. समोर कागद, हातात पेन, कोणी तरी विचारतंय. तो कोपरावर उठायला बघू लागला. बौदी म्हणाली झोपा, तो ऐकेना.

"गाव कोनतं, बाबा?"

"भारत."

सिस्टर हसली. "ते नाई बाबा. गाव, गाव! घर कुठी आहे तुमचं?"

त्यानं वाकडं बोट वर केलं. आवाज निघत नव्हता, तरी त्यानं तो काढला. "भारत! लिहा. भारत."

मी तिथंच उभा होतो. बरिशाल गेलं होतं, नदी गेली होती, मुलचेरा गेलं होतं, ज्या गावात त्यानं उभं आयुष्य चिखल तुडवला ते गावही गेलं होतं. त्याच्या डोक्यात तेवढं एक उत्तर उरलं होतं, धाकानं घोटलेलं. चौकातला तो फ्लेक्स फाडून टाकावा, त्या साहेबाला हुडकून इथं उभा करावा, असं मला झालं.

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. "भाऊ, तुमी तरी सांगा न, गाव काय लिहू?"

मी बोलणार तेवढ्यात त्यानं त्या बोटानं माझी बाही धरली. जवळ ओढलं.

"रोशीद," तो म्हणाला, "बरोबर बोललो ना?"

"बरोबर बोलले, दादा," मी म्हटलं. "एकदम बरोबर."